काळुंदर पिसाला येत नाही

काळुंदर पिसाला येत नाही, हे वाक्य मी दोन वर्षं दर रविवारी फोनवर ऐकलं. बोलणारे माझे वडील. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय एक्क्याऐंशी, मुक्काम रत्नागिरीच्या खाली खाडीकाठचं आमचं गाव. ऐकणारी मी, वय सत्तेचाळीस, मुक्काम यिशुन, सिंगापूर. सकाळचे दोन-तीन तास जलाशयाच्या काठी उभं राहायचं, दंड डासांना द्यायचे, रिकाम्या हाताने घरी यायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. "काळुंदर पिसाला येत नाही गो. तो काय खुळा आहे?" आणि मग ते त्यांचं खोकल्यासारखं हसू. एखाद्या रविवारी तर वाटायचं, फोन त्या पाण्यातच भिरकावून द्यावा.

काळुंदर म्हणजे आपल्या कोकणातल्या खाड्यांत मिळतो तोच मासा. तळहाताएवढा, चपटा, गोलसर. अंग हिरवट, त्यावर उभे काळपट पट्टे, आणि सगळ्या अंगभर बारीक पांढरे ठिपके. ऊन पडलं की ते ठिपके निळसर चमकतात. तोंड एवढंसं, हरभरा जेमतेम जाईल असं. तो इथे कसा आला देव जाणे. कुणी म्हणतं शोभेच्या टाकीतून कुणी सोडला, कुणी म्हणतं जहाजांबरोबर आला. आला आणि राहिला, एवढं खरं. इथले लोक त्याला ग्रीन क्रोमाइड म्हणतात.

मला तो पहिल्यांदा दिसला आमच्या ब्लॉकमागच्या कॅनॉलमध्ये. मी ऑफिसला निघाले होते, एमआरटीची गाडी गाठायची होती, आणि पुलावरून सहज खाली बघितलं तर गुडघाभर स्वच्छ पाण्यात सात-आठ काळुंदर शेवाळ टिपत होते. "अय्या, काळुंदर!" मी मोठ्यांदा ओरडले. शेजारून जाणाऱ्या चिनी आजी दचकून आपली पिशवी तपासायला लागल्या. तिथूनच मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. भारतात पहाटेचे पाच वाजून गेलेले, अण्णा उठलेलेच असतात. बघितलं त्यांनी, म्हणाले, "आहे खरा काळुंदर."

"पकडते मी एक," मी म्हटलं.

"तू?" म्हणाले आणि हसले.

त्या 'तू?'ने सगळा घोळ झाला. मी रॅफल्स प्लेसला बँकेत रिस्क सांभाळते, माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, मीटिंगमध्ये माझ्याशी बोलताना लोक दोनदा विचार करतात. पण तो एक 'तू?' ऐकला आणि मी पुन्हा परकर-पोलक्यात ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. अण्णा बंदराच्या कचेरीत कारकून होते. संध्याकाळी कचेरी सुटली की शर्ट खुंटीला आणि हे गरी-दोर घेऊन खाडीवर. गरी म्हणजे मासे धरायचा आकडा. रोज मी मागे लागायची, "अण्णा, मी येऊ?" आणि रोज एकच उत्तर, "तू बडबड करतेस, मासे पळतात." मी गप्प राहीन म्हटलं, शपथ घेतली, एकदा तर तोंडाला खरोखर रुमाल बांधून दारात उभी राहिले. आईला हसू आवरेना. अण्णा त्या रुमालाकडे बघून म्हणाले, "सोड तो, गुदमरशील," आणि निघून गेले. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मी विचारत होते. मग विचारणं सोडलं. राग मात्र सोडला नाही, तो कुठे जातोय!

तर मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मासा नको होता. बाजारात मिळतो मासा. मला अण्णांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की जमलं तुला. बस. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईने एवढ्यासाठी दोन वर्षं घालवावीत का? मलाही पटत नाही. पण घालवली.

पहिली अडचण म्हणजे कॅनॉलमध्ये मासे धरायला बंदी. माझ्या घराखाली, माझ्या डोळ्यांसमोर काळुंदर फिरणार, आणि मी कठड्याला हात लावून फक्त बघणार. मासेमारीला परवानगी आहे ती पलीकडच्या जलाशयावर, एका लाकडी डेकवर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या थोड्या काठावर. तिथे मोठी पाटी. फक्त खोटं आमिष वापरायचं. गांडूळ नाही, कोळंबी नाही, पाव नाही. आता काळुंदर खातो काय, तर शेवाळ आणि पाव. म्हणजे जो मासा खोट्याला भुलत नाही त्याला फक्त खोटंच द्यायचं. आहे की नाही गंमत!

आमच्या ऑफिसातला एक स्कॉटिश साहेब त्याच सुमाराला नोकरी सोडून मायदेशी चालला होता आणि जाताना सामान वाटत होता. कुणी कॉफीचं यंत्र नेलं, कुणी खुर्ची. मी त्याची फ्लाय फिशिंगची काठी उचलली. चार तुकड्यांची, लांब, वेतासारखी लवचीक. यात गरीला पिसं, लोकर, जरी बांधून खोटा किडा करायचा. त्याला फ्लाय म्हणतात. त्याला वजन काहीच नाही, म्हणून वजन असलेला जाड दोर हवेत आधी मागे झुलवायचा, मग पुढे, आणि त्या झोक्यावर किडा पाण्यावर अलगद नेऊन ठेवायचा. व्हिडिओत बघितलं तर वाटतं, हात्तिच्या, एवढंच? करायला गेलं की कळतं. दोर पुढे जायच्या आधी मागे जातो, आणि मागे डोळे नसतात.

पहिल्या महिन्यात मी काय काय पकडलं! डेकचा कठडा. पावसाने झुकलेली फांदी, तीनदा. माझा स्वतःचा दुपट्टा. एका धावणाऱ्या गृहस्थाची टोपी, जी उडून पाण्यात पडली आणि ती काढून देताना मी बारा वेळा सॉरी म्हटलं. तेव्हापासून ते गृहस्थ डेक आला की रस्ता ओलांडून पलीकडून धावतात. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. एकदा आली माझ्याबरोबर, वीस मिनिटं बसली आणि म्हणाली, "मम्मा, धिस इज सो पेनफुल टु वॉच, लाह." मराठीत सांग म्हटलं तर म्हणाली, "मराठीत पण पेनफुल."

आणि नवरा! नवरा सदाशिव पेठेतला, माशाच्या वासाने रुमाल शोधणारा. मी वाऱ्याच्या नावाने खडे फोडत घरात शिरले की तो पेपरवरची मान वर न करता म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." एवढंच. इतका राग यायचा! तुला साधं कांदा चिरायचं जमत नाही, तू मला अंगण शिकवतोस? पण मनातून माहीत होतं की तो बरोबर बोलतोय, म्हणून राग दुप्पट.

दोर टाकायला जमू लागलं त्याला सात-आठ महिने गेले. मग दुसरा ताप सुरू झाला. मला जे नको ते सगळं गरीला यायचं. तिलापिया नावाचे हावरट मासे यायचे, ढिगाने. एकदा कासव आलं. त्याच्या तोंडाजवळचा आकडा काढताना ते माझ्याकडे असं बघत होतं, की मी त्याच्याशी मराठीत बोलायला लागले. काळुंदर मात्र यायचे, किड्याजवळ थांबायचे, नाक लावल्यासारखं करायचे आणि वळून जायचे. अगदी शिष्टासारखे. नापसंत. मी पिसं बदलली, रंग बदलले, आकडा बारीक केला, दोरा इतका पातळ केला की मलाच दिसेना. वळून जायचे. आग लागो त्या माशांना, असं मी भर डेकवर म्हटलंय.

तिथे एक म्हातारे चिनी अंकल यायचे, रोजचे, खुर्ची घेऊन. त्यांनी सहा महिने माझं सगळं बघितलं आणि मग एक दिवस जवळ येऊन इंग्रजीत हळूच सांगितलं, "आंटी, हा मासा पाव खातो. फक्त पाव." मी म्हटलं, अंकल, पाटी बघा, पावाला बंदी आहे. अंकल म्हणाले, "माहितेय. म्हणून मी हा मासा धरत नाही." आणि परत खुर्चीवर जाऊन बसले. शहाणा माणूस. माझ्यात तेवढं शहाणपण असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्यांच्या पावावरून मला शेवाळ सुचलं. पाव चालत नाही, पण शेवाळासारखी लोकर तर चालेल! आमच्या दाराला सासूबाईंनी विणलेलं लोकरीचं तोरण आहे, त्याच्या पानांचा हिरवा अगदी कॅनॉलमधल्या शेवाळाचा. मी एका टोकाचं अर्धं पान कापलं. मग दुसऱ्या टोकाचं, दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून. लोकर पिंजून बारीक आकड्यावर बांधायची, ओली झाली की ती सुटी होऊन पाण्यात हलायची. नवरा एका संध्याकाळी दाराशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हे तोरण लहान होत चाललंय का?" मी म्हटलं, लोकर आटते या हवेत. इंजिनिअर माणूस, पण विश्वास ठेवला.

या सगळ्याचा अहवाल रविवारी अण्णांना. आमच्या घरात ही एक पद्धतच पडून गेली आहे, कुठलीही गोष्ट झाली की आधी अण्णांना दाखवायची. मोदक झाले की नैवेद्य देवाला, आणि देवाच्या शेजारी फोन उभा करून अण्णांना. ते "हां" म्हणाले की मग पानं घ्यायची. नवा फ्रिज आला तेव्हा त्याचं दार उघडून आतला दिवा अण्णांना दाखवला, मग दूध आत गेलं. मुलीचा पहिला युनिफॉर्म, नवऱ्याची चष्म्याची नवी फ्रेम, सगळं. आई गेल्यावर हे जास्तच वाढलं. ते तिकडे एकटे, शेजारच्या वहिनी डबा देतात, गुडघे गेल्यामुळे खाडीच्या पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी गेल्या वर्षी बंदी घातली. बाकी त्यांच्याकडे दिवसभर असतं काय! त्यामुळे दाखवल्याशिवाय गोष्ट घडली असं आम्हाला वाटतच नाही. यात चुकीचं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि अण्णांचं सुरूच. "पिसाला येत नाही गो." मी म्हणायची, पीस नाही अण्णा, लोकर आहे. "लोकरीला तर नाहीच येत. तो काय मेंढी चरायला बसलाय?" एकदा मी चिडून विचारलं, "मग तुम्ही कसा धरायचात ते तरी सांगा." तर म्हणाले, "ते फोनवर सांगण्यासारखं नाही." बोंबला! चाळीस वर्षांपूर्वी समोर उभी होते तेव्हा बरोबर नेलं नाही आणि आता फोनवर सांगता येत नाही. त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर पोळपाट इतका जोरात आपटला की त्याचा पाय तुटला.

तो रविवार उजाडला तेव्हा मी खरं तर निकराला आले होते. हे शेवटचं, असं स्वतःला बजावूनच निघाले. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, पाणी चढलेलं, डेकसमोर गढूळ. मी डेक सोडून बाजूच्या काठावर गेले, जिथवर परवानगी आहे त्याच्या अगदी टोकाला. तिथे काठाला रचलेले दगड आहेत आणि त्यांच्यामध्ये हातभर खोल, स्वच्छ पाणी. त्यात दोन काळुंदर होते. बाकीचे फिरतात तसे हे फिरत नव्हते. एकाच जागी घिरट्या घालत होते, आणि रंग तर असा की मी तसा कधी पाहिलाच नव्हता. पट्टे काळेकुट्ट, ठिपके चमकत होते, पोटाखाली काजळ लावल्यासारखं. त्यांच्याखाली पाणी थोडं धुरकट दिसत होतं. पावसाचा गाळ असेल, म्हटलं. मनात आणखी काही आलं नाही, कारण डोळ्यांत फक्त तो रंग भरला होता.

किडा टाकला. मागे फांदी नाही, माणूस नाही, दोर सरळ गेला आणि हिरवी लोकर दगडाशेजारी बुडाली. दोघांतला मोठा झपकन पुढे आला. नाक लावणं नाही, विचार करणं नाही. धावून आला आणि तोंडात घेतली. मी इतकी गांगरले की काठी उचलायचीच विसरले, तरी तो लागलेलाच होता. एवढासा मासा, पण काठी कमानीसारखी वाकली. "आला! आला! अंकल, आला!" मी मराठीतच ओरडत होते. अंकल खुर्ची सोडून आले.

मासा जाळीत घेतला, जाळी पाण्यातच ठेवली. आकडा ओठाला अलगद लागला होता, लगेच निघाला. तेव्हाच सोडून द्यायला हवं होतं. एक निमिष बघायचं आणि सोडायचं. पण आमच्या घरात दाखवल्याशिवाय काही होत नाही ना! मी एका हाताने जाळी धरून दुसऱ्या हाताने फोन काढला आणि अण्णांना लावला.

रिंग वाजली. परत वाजली. उचलला, तर समोर छताचा पंखा. "अण्णा, फोन सरळ धरा!" मग त्यांचं कपाळ. "अण्णा, बघा, मिळाला!" "काय मिळाला? थांब, चष्मा लावतो." चष्मा सापडेना. उशाखाली बघा, म्हटलं. उशाखाली नाही. "ओट्यावर राहिला वाटतं." ते उठून ओट्यावर जाणार, गुडघे धरत, आणि मी इकडे जाळी पाण्यात धरून ओणवी. मध्येच चित्र अडकलं. कट करून परत लावला. अंकल माझ्या खांद्यामागून काहीतरी बोलत होते, पाण्याकडे बोट दाखवून. मी त्यांना म्हटलं, वन मिनिट अंकल, माय फादर. किती वेळ गेला? चार मिनिटं, पाच मिनिटं. जास्तच, कमी नाही.

शेवटी अण्णांचा चेहरा आला, चष्म्यासकट. मी जाळी जरा वर घेतली, मासा ओल्या हातात धरला, कॅमेऱ्यासमोर. "बघा! पिसाला नाही, लोकरीला नाही, असं म्हणत होतात ना? हा घ्या काळुंदर!" माझा आवाज फुटला होता. रडायच्या बेतात होते, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं नाही, चाळीस वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होते आणि अण्णा आता काय म्हणणार म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

अण्णा पुढे वाकले. कपाळाला आठी पडली. म्हणाले, "कुठून काढलास हा?"

"दगडांतून."

"पट्टे काळे पडलेत त्याचे. हा पिल्लांवर असलेला आहे. पिल्लं कुठायत?"

"कसली पिल्लं?"

"अगो, त्याची! खाली धूर दिसला असेल तुला, तीच पिल्लं. हा भूक लागली म्हणून नाही आला, अंगावर आला तुझ्या. सोड त्याला. आधी सोड!"

मी फोन दगडावर टाकला आणि मासा सोडला. तो सरळ आपल्या जागेवर गेला. तेव्हा मी पहिल्यांदा तिथे नीट बघितलं. अंकल मघापासून बोटाने दाखवत होते ते हे होतं. बारके तिलापिया, दहा-पंधरा, दगडांच्या फटीत घुसलेले आणि पटापट टिपत होते. मादी, की नर कोण जाणे, जो मागे राहिला होता तो एकाला हाकलायचा तर दुसऱ्या बाजूने तीन यायचे. एकट्याने किती बाजू सांभाळणार! मी सोडलेला पोचला, दोघांनी मिळून तिलापियांना पार लांब हुसकावलं. मग दोघं परत जागेवर येऊन घिरट्या घालायला लागले. खाली पाणी आता स्वच्छ होतं. तळाचे खडे दिसत होते. धूर कुठेच नव्हता.

दगडावरून अण्णांचा आवाज येत होता, "दिसतात का? अगो, दिसतात का पिल्लं?"

मी फोन उचलला, "नंतर करते," म्हटलं आणि बंद केला. अंकल जवळ आले. माझी पिशवी उचलून दिली तेवढी.

घरी आले. नवऱ्याने तोंडाकडे बघितलं आणि या वेळी अंगणाबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलगी विचारायला लागली, "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" तर तिच्यावर उगाचच खेकसले. मला सगळ्यांचा राग आला होता. स्वतःचा आला होता, त्या फोनचा, त्या चष्म्याचा. आणि अण्णांचा तर इतका, की काय सांगू. बरोबर होतं त्यांचं, मान्य. पण आधी एक शब्द बोलायला काय झालं होतं? 'धरलास गो' एवढं म्हणून मग 'सोड' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? दोन सेकंदांचा प्रश्न होता. आणि दुसऱ्याच मिनिटाला वाटायचं, बाई गं, त्या दोघांची सगळी पोरं गेली आणि तुला शाबासकीची पडलीये! ती पिल्लं आईबापांच्या अंगावरचं चाटून वाढतात, हे मी नंतर वाचलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

सोमवारी ऑफिसच्या आधी, ऑफिसच्याच कपड्यात, मी त्या दगडांपाशी गेले. काठी न घेता. दोघं तिथेच होते. रंग उतरलेला, पट्टे फिके. अजून घिरट्या घालत होते, त्याच जागेवर, खाली काही नसताना. मी वीस मिनिटं बघत होते. एकही पिल्लू दिसलं नाही. दगडांच्या फटीत वाकून बघितलं, बूट भिजले. नाही म्हणजे नाही.

अण्णांना मी फोन केला नाही. मंगळवारीही नाही. काय सांगणार?

बुधवारी दुपारी मी मीटिंगमध्ये होते आणि फोन थरथरला. अण्णा. अण्णा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. आई गेली तेव्हा एकदा केला होता. उठून, कुणालाही काही न सांगता जिन्यात गेले.

"अण्णा, काय झालं? बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीये," म्हणाले. मग विचारलं, "त्या पिल्लांचं काय झालं गो?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"तीन दिवस डोक्यात तेच आहे," अण्णा म्हणाले. "मीही एकदा असाच काढला होता. तुझ्याएवढा नव्हतो, लहान होतो. नेऊन आईला दाखवला, शेजारी दाखवला, आणि परत सोडायला गेलो तर काही उरलं नव्हतं. रात्री जेवलो नाही मी." आणि परत तेच, "तुझी राहिली का काही?"

जिन्यात कुणी नव्हतं. एक्क्याऐंशी वर्षांचा माझा बाप तिकडे फोन कानाला घट्ट धरून उत्तराची वाट बघत होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

"राहिली, अण्णा," मी म्हटलं. "बरीच राहिली. सोमवारी जाऊन बघून आले. दोघंही होते त्यांच्यावर."

"बघितलीस तू? नक्की?"

"नक्की."

अण्णांनी मोठा सुस्कारा सोडला. "मग जमलं गो तुला," ते म्हणाले. "धरलास पण, आणि वेळेवर सोडलास पण. आमच्याकडे कुणाला एवढं जमलं नाही." आणि मग, मी काही बोलायच्या आत, म्हणाले, "मे महिन्यात ये. वहिनींचा हात धरून पायऱ्या उतरीन मी. आपण दोघं जाऊ खाडीवर. बडबड केलीस तरी चालेल."

मी "हो अण्णा, येते," म्हटलं. फोन ठेवला, तोंड पुसलं आणि मीटिंगमध्ये जाऊन बसले. कुणीतरी मला काहीतरी विचारलं, आणि तो प्रश्न त्यांना दोनदा विचारावा लागला.